हाती वाद्य नसलेला वादक

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी झड लागली असता मैदानावरचा तास घेणे अशक्य झाले, तेव्हा आम्ही नववीच्या वर्गास एका पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे जुने कृष्णधवल चित्रण दाखविले. पडद्यावर वादकांचा मोठा ताफा होता आणि त्यांच्यासमोर एका चौथऱ्यावर एक वृद्ध गृहस्थ हातात लहानशी काडी घेऊन उभे होते. वादन संपले. श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि त्या गृहस्थांनी मान लवविली. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्या आजोबांनी तर काहीच वाजविले नाही. मग टाळ्या त्यांना का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उत्तर देण्यास आरंभ करतो न करतो तोच घंटा झाली. ते राहिलेले उत्तर वार्षिक अंकाच्या ह्या पानांतून द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

ते आजोबा म्हणजे इटलीचे सुप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक आर्तुरो तोस्कानिनी. इ. स. १९४८ ते १९५२ ह्या काळात अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरून त्यांचे जे कार्यक्रम झाले, त्यांपैकीच एक आपण पाहिला. त्यांचे चरित्र पाहण्यापूर्वी संचालकाचे काम काय असते, ते समजून घेणे अवश्य आहे.

आपल्या संगीतात गवई रागाचा विस्तार मैफलीतच करीत असतो. तबलजी त्याच्याकडे कान लावून बसतो आणि समेवर दोघांची गाठ पडते. तेथे तिसऱ्या कोणी हात हालविण्याचे कारण नसते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. तेथे सबंध रचना आधीच लिहून तयार असते आणि ती लिहिणारा पुष्कळदा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच कालवश झालेला असतो. वाजविणारे ऐंशी ते शंभर लोक असतात. कोणी व्हायोलिन व चेलो ही तंतुवाद्ये, कोणी बासरी व क्लॅरिनेट, कोणी ट्रम्पेट व हॉर्न ही पितळी वाद्ये, तर कोणी नगाऱ्यासारखी तालवाद्ये वाजवितो. प्रत्येक वादकापुढे केवळ त्याच्या वाट्याचे स्वर लिहिलेला कागद असतो. शेजाऱ्याने काय वाजवावयाचे, ते त्यावर नसते. सर्वांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला संपूर्ण ग्रंथ एकट्या संचालकापाशी असतो. उजव्या हातातील काडीने तो मात्रा दाखवितो. डाव्या हाताने कोणी केव्हा आरंभ करावा, कोठे स्वर चढवावा व कोठे उतरवावा, हे सुचवितो. परंतु हे श्रोत्यांना दिसणारे काम सर्वांत शेवटचे. त्याच्या आधी कित्येक दिवसांच्या तालमी झालेल्या असतात आणि तालमींच्याही आधी तो ग्रंथ पुढे घेऊन संचालक एकटाच अभ्यासाला बसलेला असतो.

स्वर लिहून ठेवण्याची ही पद्धत आम्हा गोमंतकीयांना अगदीच परकी नाही. येथील चर्चच्या शाळांतून संगीतशिक्षक मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत असत. त्या शिक्षणाच्या बळावर कितीतरी गोमंतकीय वादक मुंबईस गेले आणि तेथील चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत त्यांनी नाव मिळविले. लिहिलेला स्वर पाहताक्षणी वाजविणे हीच त्यांची मोठी पुंजी होती.

ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊबंद म्हणावा. आपल्याकडे गद्य संवादांच्या मध्ये पदे येतात. ऑपेरात बहुधा सबंध नाटकच गायिले जाते. गायक रंगमंचावर, वादक रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत आणि ह्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे संचालक. गायकाचा श्वास, वृंदगायकांचा प्रवेश आणि व्हायोलिनचा स्वर ह्यांचा मेळ त्याला एकाच क्षणी साधावा लागतो.

तोस्कानिनींचा जन्म २५ मार्च १८६७ रोजी उत्तर इटलीतील पार्मा ह्या नगरात झाला. वडील शिंप्याचा व्यवसाय करीत. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी गॅरिबाल्डीच्या सैन्यात ते लढलेले होते. घरची स्थिती ओढगस्तीची. मुलगा नऊ वर्षांचा असताना पार्म्याच्या संगीत विद्यालयात दाखल झाला व तेथेच राहून त्याने चेलो ह्या वाद्याचे शिक्षण घेतले. १८८५ साली त्याने उत्तम गुण मिळवून अभ्यासक्रम पुरा केला आणि दुसऱ्या वर्षी एका ऑपेरा मंडळीबरोबर चेलोवादक व वृंदगायनाचा साहाय्यक शिक्षक म्हणून तो दक्षिण अमेरिकेस निघाला.

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे ३० जून १८८६ च्या रात्री व्हेर्दी ह्या थोर रचनाकाराचा 'आइदा' हा ऑपेरा व्हावयाचा होता. मंडळीचा स्थानिक संचालक भांडून निघून गेला होता. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इटालियन साहाय्यकाला प्रेक्षकांनी ओरडून खाली बसविले. खेळ बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा मंडळीतील लोकांनी एकोणीस वर्षांच्या तोस्कानिनीस पुढे केले. त्याने आजवर एकदाही वाद्यवृंदाचे संचालन केलेले नव्हते. तो चौथऱ्यावर चढला आणि समोरच्या ग्रंथाकडे न पाहता सबंध ऑपेरा त्याने तोंडपाठ चालविला. गोंधळ घालण्यास आलेले प्रेक्षक जयजयकार करीत घरी गेले.

ही गोष्ट सांगताना लोक 'दैव उघडले' असे म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. संधी त्या रात्री आली हे खरे. पण 'आइदा'ची पाने काही त्या रात्री पाठ झाली नव्हती. तोस्कानिनींची दृष्टी फार अधू होती. मान वर करून वादकांकडे पाहावयाचे तर ग्रंथातील बारीक अक्षरे दिसणे कठीण. म्हणून त्यांनी सारे डोक्यात साठविण्याची सवय लावून घेतली आणि ती आयुष्यभर टिकविली. ज्याला आपण व्यंग म्हणतो, त्याच्याशी झगडता झगडता त्यांना आपले सामर्थ्य सापडले.

पुढची हकीकत आम्हांस ह्याहूनही बोधप्रद वाटते. इटलीस परतल्यावर तूरिन येथे त्यांनी एका ऑपेराचे संचालन करून नाव मिळविले. एवढ्यावर दुसरा एखादा तरुण वादकांच्या रांगेत पुन्हा बसला नसता. परंतु ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलान येथील ला स्काला ह्या विख्यात नाट्यगृहात व्हेर्दींच्या 'ओथेल्लो'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तोस्कानिनी चेलोवादकांमध्ये दुसऱ्या जागेवर बसून वाजवीत होते. वृद्ध व्हेर्दी तालमी कशा घेतात, हे जवळून पाहावयास मिळावे म्हणून त्यांनी ती जागा पत्करली. आज्ञा देण्याचा अधिकार मिळाल्यावरही ते आज्ञा घेण्यास बसले.

ह्यानंतर त्यांचा उत्कर्ष झपाट्याने झाला. लेओन्काव्हाल्लोच्या 'पाल्याची' ह्या ऑपेराचा पहिला प्रयोग १८९२ साली मिलानमध्ये आणि पुच्चीनीच्या 'ला बोहेम'चा पहिला प्रयोग १ फेब्रुवारी १८९६ रोजी तूरिनमध्ये त्यांच्याच संचालनाखाली झाला. १८९८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ला स्कालाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या काळचे ऑपेरागृह म्हणजे बड्या लोकांच्या भेटीगाठींचे ठिकाण. दिवे लखलखत असत, गप्पा चालत, स्त्रियांच्या प्रचंड टोप्यांआड मागच्यांना रंगमंच दिसत नसे. गायक टाळ्यांसाठी वरचा स्वर मनास येईल तितका लांबवीत आणि लोक 'पुन्हा, पुन्हा' म्हणून ओरडले की कथा थांबवून तेच गाणे परत गात. आमच्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मराठी संगीत रंगभूमीवरील 'वन्समोअर'च्या कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकल्याच आहेत! तोस्कानिनींनी दिवे मंद करविले, टोप्या उतरावयास लावल्या आणि पुनर्गायन बंद केले. त्यांचे म्हणणे एवढेच की, रचनाकाराने जे लिहिले तेच वाजवावे व गावे. गायकाच्या मिरवण्यासाठी नाटकाचा गळा घोटू नये. १९०३ साली एका प्रयोगात प्रेक्षक पुनर्गायनाचा हट्ट सोडीनात, तेव्हा ते प्रयोग टाकून निघून गेले आणि तीन वर्षे ला स्कालात परतले नाहीत.

१९०८ ते १९१५ ह्या काळात ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात होते. १९२१ पासून पुन्हा ला स्कालात आले. तेथे २५ एप्रिल १९२६ रोजी पुच्चीनीच्या 'तुरांदोत'चा पहिला प्रयोग झाला. पुच्चीनी सुमारे १७ महिन्यांपूर्वी वारला होता आणि शेवटचा भाग दुसऱ्या संगीतकाराने पुरा केला होता. प्रयोग रंगात आला असता, पुच्चीनीच्या हातचे लिखाण जेथे संपते तेथे तोस्कानिनींनी काडी खाली ठेवली, गुरुवर्यांचे काम येथवरच झाले होते अशा अर्थाचे चार शब्द ते श्रोत्यांस म्हणाले आणि पडदा पाडण्यात आला. पुरा केलेला शेवट पुढील प्रयोगांत वाजविला गेला. मृत मित्राच्या शब्दात आपला शब्द मिसळू न देण्याची ही वृत्ती होती.

आता आपण ह्या चरित्राच्या मर्माकडे येतो. इटलीत मुसोलिनीची सत्ता होती आणि प्रत्येक समारंभात 'जोव्हिनेत्सा' हे फासिस्ट पक्षाचे गीत वाजवावे असा आग्रह होता. तोस्कानिनींनी ते वाजविण्यास साफ नकार दिला. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे उचित नव्हे. १९१९ साली, मुसोलिनीचा पक्ष नुकताच निघाला असताना, मिलानच्या निवडणुकीत ह्याच तोस्कानिनींचे नाव त्या पक्षाच्या उमेदवारांत होते. त्या पक्षाचे खरे स्वरूप दिसू लागताच ते दूर झाले व पुढे त्याचे कट्टर विरोधक बनले. थोर माणसे चुकत नाहीत असे नाही; चूक उमगल्यावर ती कवटाळून बसत नाहीत, हा त्यांचा विशेष.

१४ मे १९३१ रोजी बोलोन्या येथे मार्तुच्ची ह्या दिवंगत रचनाकाराच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. सरकारचे मंत्री येणार म्हणून 'जोव्हिनेत्सा' वाजवावे असा हुकूम सुटला. तोस्कानिनींनी पुन्हा नकार दिला. नाट्यगृहाच्या दाराशीच फासिस्ट तरुणांच्या जमावाने त्या ६४ वर्षांच्या वृद्धास थपडा मारल्या. कार्यक्रम झाला नाही. सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले व घरावर पहारा बसविला. जगभर ओरड झाल्यावर ते परत द्यावे लागले. त्या दिवसापासून फासिस्ट राजवट संपेपर्यंत त्यांनी इटलीत पुन्हा संचालन केले नाही.

जर्मनीतील बायरॉइट येथे व्हाग्नर ह्या रचनाकाराच्या ऑपेरांचा मोठा उत्सव भरतो. १९३० व १९३१ साली तेथे संचालन करण्याचा दुर्मीळ मान तोस्कानिनींस मिळाला होता आणि व्हाग्नरवर त्यांची नितांत भक्ती होती. परंतु १९३३ साली हिटलर सत्तेवर आला व ज्यू संगीतकारांना कामावरून घालविण्यास आरंभ झाला. तेव्हा अमेरिकेतील संगीतकारांनी हिटलरला जी निषेधाची तार धाडली, तिच्यावर तोस्कानिनींचे नाव होते. हिटलरने स्वतः पत्र लिहून आर्जव केले, तरी ते बायरॉइटला गेले नाहीत. ज्या ठिकाणी जावे म्हणून जन्मभर आस धरिली, ते ठिकाण तत्त्वासाठी सोडणे किती कठीण, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

नुसता निषेध करून ते थांबले नाहीत. नोकऱ्या गमावलेल्या ज्यू वादकांना एकत्र आणून व्हायोलिनवादक हुबरमान ह्यांनी पॅलेस्टाइनमध्ये एक नवा वाद्यवृंद उभारला. त्याचा पहिला कार्यक्रम २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीव येथे तोस्कानिनींनी केला. मानधन घेतले नाही, प्रवासखर्चही घेतला नाही. हाच वाद्यवृंद पुढे इस्रायल फिल्हार्मोनिक म्हणून ख्यातीस चढला आणि १९७७ ते २०१९ अशी बेचाळीस वर्षे मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता त्याचे संगीतसंचालक होते.

महायुद्धात, १९४३ साली, बॉम्बवर्षावाने ला स्कालाचे छप्पर कोसळले. युद्ध संपताच ती वास्तू पुन्हा उभी राहिली आणि ११ मे १९४६ रोजी तोस्कानिनी तेथे काडी घेऊन उभे राहिले. वय ७९. आत मावले नाहीत ते लोक बाहेरच्या चौकांत ध्वनिक्षेपकांखाली ऐकत उभे होते. वंशद्वेषी कायद्यामुळे घालविलेले वृंदगायनाचे शिक्षक व्हेनेत्सियानी ह्यांनाही त्यांच्या जागी परत आणण्यात आले. १९४९ साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी तोस्कानिनींना तहहयात सिनेटर नेमले. तो मान त्यांनी नम्रपणे नाकारला.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. तोस्कानिनींचा राग भयंकर होता. तालमीत ते काड्या मोडीत, ग्रंथ भिरकावीत, वादकांना वाटेल ते बोलत. एकदा तूरिनमध्ये त्यांच्या हातून एका व्हायोलिनवादकास इजा झाली व प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तरी त्या वादकाच्या जागी स्वतःस ठेवून पाहिले म्हणजे आमचे मन काही त्यांना सहज दोषमुक्त करीत नाही. शिवाय 'लिहिले तसेच वाजवा' म्हणणाऱ्या ह्या पुरुषाने काही रचनांतील वाद्ययोजनेत स्वतः फेरफार केले होते, हेही अभ्यासकांनी दाखविले आहे. मोठ्यांचा राग उचलणे फार सोपे आणि त्यांचा अभ्यास उचलणे फार कठीण. आम्हा शिक्षकांनी तर हे विशेष ध्यानात धरावे; वर्गात आवाज चढविला म्हणजे कोणी तोस्कानिनी होत नाही.

१९३७ साली अमेरिकेतील एन.बी.सी. ह्या नभोवाणी कंपनीने खास त्यांच्यासाठी एक वाद्यवृंद निर्माण केला होता. त्याच्यासह सतरा वर्षे ते घरोघरच्या श्रोत्यांपर्यंत पोचले. ४ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. वय ८७. व्हाग्नरची एक रचना चालू असता त्यांची स्मृती क्षणभर लोपली. हात अडखळला आणि वादक गोंधळले. नभोवाणीवाल्यांनी घाईने दुसरीच ध्वनिमुद्रिका लाविली. थोड्याच वेळात सारे सावरले व कार्यक्रम पुरा झाला. शेवटची रचना संपताच तोस्कानिनी काडी सोडून आत गेले आणि टाळ्या वाजत राहिल्या तरी बाहेर आले नाहीत. ज्या स्मरणशक्तीने रिओमध्ये त्यांना चौथऱ्यावर चढविले, तिने साथ सोडताच ते चौथऱ्यावरून उतरले. १६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या निवृत्तीबरोबर कंपनीने तो वाद्यवृंद बंद केला. परंतु वादक पांगले नाहीत. नवे नाव धारण करून ते एकत्र राहिले आणि १९५४ च्या ऑक्टोबरात त्याच कार्नेगी सभागृहात त्यांनी कार्यक्रम केला. संचालकाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. कोणी हात हालविणारे नसता त्या वादकांनी एकदिलाने वाजविले. इतकी वर्षे त्यांच्याकडून जे करवून घेतले गेले, ते त्यांच्या अंगी मुरले होते.

मागच्या बाकावरच्या आमच्या त्या मित्राला हे आमचे उत्तर. आजोबांनी काही वाजविले नाही, हे तुझे म्हणणे खरे. त्यांच्या काडीतून एक स्वरही निघत नव्हता. पण कागदावरच्या काळ्या खुणांत दडलेले रचनाकाराचे मन त्यांनी इतरांआधी आणि इतरांहून अधिक कष्टाने वाचले होते. त्या लिखाणापुढे मान लववावयास ते शिकले होते आणि जो योग्य ठिकाणी मान लववितो, त्याला अयोग्य ठिकाणी ती ताठ ठेवता येते. म्हणून बोलोन्यात थपडा खाऊनही त्यांचे मस्तक खाली गेले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या वर्गप्रतिनिधी होईल, कोणी संघनायक, कोणी एखाद्या कार्यालयाचा प्रमुख. तेव्हा स्वतःला दोन प्रश्न अवश्य विचारा : ज्यांना मी आज्ञा देतो आहे त्यांच्याहून माझा अभ्यास अधिक आहे काय? आणि उद्या मी नसलो, तर हे काम असेच सुरेल चालेल काय? ह्या दोन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले, तर टाळ्या आपल्या वाट्याला येवोत वा न येवोत, काडी हाती धरण्यास आपण पात्र झालो, असे खुशाल समजावे.